वर्षं कुठून मोजायची?

नागपुरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत दाराशी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. इसवी सनाचा आकडा लांबूनही दिसतो. बाकीचे सन बारीक टाइपात असतात, दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख जिथे लिहितात त्याच्या आसपास. यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या एप्रिलचं पान घेतलं तर शके १९४८, वीर निर्वाण संवत २५५२, हिजरी १४४७, पारशी १३९५, बुद्ध संवत २५६९. ज्यू घरातलं कॅलेंडर असतं तर त्यावर ५७८६ असतं. ऊन सगळ्यांच्या डोक्यावर एकच, पण कुणाचं वर्ष अजून दीड हजाराला टेकलेलं नाही, तर कुणाचं सहा हजारांच्या घरात गेलेलं.

धर्मांची तुलना करायला बसलं की आपण आधी एक तक्ता आखतो. संस्थापक कोण, काळ कोणता, ग्रंथ कोणता, देव कोणता, मेल्यावर काय. शाळेत आम्हालाही धर्म असेच शिकवले गेले. पण या तक्त्यात हिंदू धर्मापुढे संस्थापकाच्या रकान्यात आडवी रेघ येते. जैन आणि बौद्धांपुढे देवाच्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नाही. पारशांपुढे काळ लिहायचा तर जरथुष्ट्र कधी होऊन गेला यावर अभ्यासकांमध्ये हजार वर्षांची तफावत आहे. खरं सांगायचं तर हा तक्ता आखणाऱ्याच्या डोळ्यापुढे ख्रिस्ती धर्म होता आणि बाकीच्यांना त्याच रकान्यांत बसवायचं होतं. म्हणून मला तो तक्ता बाजूला ठेवून प्रत्येक धर्माला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: तुम्ही वर्षं कुठून मोजता? हा आकडा बाहेरच्या अभ्यासकानं ठरवलेला नाही. त्या त्या माणसांनी आपल्या साऱ्या इतिहासातून एक क्षण उचलला आणि म्हटलं, इथून. कुठला उचलला आणि कुठला सोडला, यातून त्यांच्या श्रद्धेबद्दल जेवढं कळतं तेवढं देवांच्या यादीतून कळत नाही.

ज्यूंपासून सुरुवात करते, कारण त्यांचा आकडा सर्वांत मोठा आहे. तो थेट विश्वाच्या निर्मितीपासून मोजलेला आहे. बायबलमध्ये कोण किती वर्षं जगला आणि कितव्या वर्षी त्याला मूल झालं, हे पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं आहे. त्या बेरजा मागे मागे नेत इसवी सनापूर्वी ३७६१ या वर्षाशी त्यांची गणना पोचते. एकच ईश्वर, त्यानं जग केलं, आणि केलं म्हणजे एका ठरावीक दिवशी केलं, ही सगळी श्रद्धा त्या आकड्यात आली. पण त्यांचे महिने पाहिले तर दुसरीच गोष्ट दिसते. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, इजिप्तच्या गुलामीतून सुटण्याच्या आदल्या काळात, देव मोशेला सांगतो की हा महिना तुमच्यासाठी पहिला महिना असू दे. त्यामुळे वर्ष बदलतं शरद ऋतूत आणि महिन्यांची मोजदाद सुरू होते वसंतात, सुटकेच्या महिन्यापासून. जग देवानं निर्माण केलं ती एक सुरुवात, गुलामांना बाहेर काढलं ती दुसरी. या लोकांनी दोन्ही सुरुवाती सांभाळल्या.

ख्रिस्ती सनाची गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. येशूच्या जन्मापासून मोजणी, एवढंच. पण येशूच्या पहिल्या पिढीतल्या अनुयायांना त्याच्या जन्माचं फारसं काही नव्हतं. नव्या करारातलं सर्वांत जुनं लेखन म्हणजे पौलाची पत्रं. त्यात क्रूस आहे, पुनरुत्थान आहे. गव्हाणी, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी यांतलं काहीच नाही. मार्कचं शुभवर्तमान सुरूच होतं मोठ्या झालेल्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून. आमच्या नागपुरातल्या सदर भागात एसएफएस चर्चला नाताळची रोषणाई पाहायला सगळं शहर लोटतं, पण श्रद्धेच्या दृष्टीनं त्यांचा मोठा सण ईस्टर. त्या ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते आणि ती काढता काढताच हा सन जन्माला आला. इसवी सन ५२५ च्या सुमारास रोममधला डायोनिसियस नावाचा एक संन्यासी पुढच्या ईस्टरांचं कोष्टक करत होता. तोवरची कोष्टकं रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजत, आणि डायोक्लेशननं तर ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला होता. त्या माणसाची आठवण जागी ठेवायची नाही म्हणून डायोनिसियसनं प्रभूच्या देह धारण करण्यापासून मोजायला घेतलं. त्याचं गणित चार-पाच वर्षांनी तरी चुकलं, कारण ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मला असं शुभवर्तमान सांगतं तो इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला. पण मोजणीतली श्रद्धा स्पष्ट आहे: देव माणूस होऊन इतिहासात आला, तेव्हा काळाचे दोन भाग झाले.

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी उलटं केलं. त्यांनी डायोक्लेशनचं २८४ हे वर्ष सोडलंच नाही. फक्त त्याला हुतात्म्यांचा सन म्हटलं. छळ करणाऱ्याचं वर्ष त्यांनी छळ सोसणाऱ्यांच्या नावावर करून टाकलं आणि आजही ते तसंच मोजतात. एकाच धर्मातल्या दोन समाजांनी एकाच जखमेवर दिलेली ही दोन उत्तरं. मला कॉप्टिकांचं उत्तर जास्त धीराचं वाटतं.

इस्लामकडे आलं की या प्रश्नाचं मोल आणखी कळतं, कारण तिथे निवड उघड चर्चेतून झाली. पैगंबर मुहंमद यांच्यानंतरचे दुसरे खलिफा उमर यांच्याकडे येणाऱ्या पत्रांवर महिना असायचा, साल नसायचं. शाबान लिहिलंय, पण कुठला शाबान, अशी तक्रार एका सुभेदारानं केली असं सांगतात. मग साल कुठून धरायचं यावर विचार झाला. पैगंबरांचा जन्म सुचवला गेला, वही म्हणजे ईश्वरी संदेश उतरला तो प्रसंग सुचवला गेला, मृत्यूही सुचवला गेला. हे सगळं बाजूला ठेवून निवडली गेली ती हिजरत, म्हणजे ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला जाणं.

मला या निवडीपाशी नेहमी थांबावंसं वाटतं. ६१० मध्ये हिरा गुहेत पहिला संदेश आला, त्याहून मोठी घटना मुसलमानासाठी कुठली? पण इस्लामच्या मते तो संदेश नवा नव्हताच. इब्राहीम, मूसा, ईसा यांनी जे सांगितलं तेच शेवटचं आणि पूर्ण रूपात आलं. मुहंमद हे संस्थापक नाहीत, शेवटचे प्रेषित आहेत, असं श्रद्धावंत मुसलमान आग्रहानं सांगतो. मग धर्माचा जन्मदिवस कुठून काढणार? नवी झाली ती एक गोष्ट: माणसांचा समाज. मक्केत श्रद्धावंत एकेकटे होते, मार खात होते. मदिनेत ते कुळांच्या नात्यापलीकडचा एक समुदाय झाले. मोजणी तिथून.

आणि ते वर्षही शुद्ध चंद्राचं, ३५४ दिवसांचं. सूर्याशी जुळवून घ्यायला अधिक महिना घालायची अरबांची जुनी रीत कुराणानं बंद केली. हिंदू आणि ज्यू पंचांगं अधिक महिना घालतात. यंदा आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून आपली दिवाळी पावसाळा उलटल्यावरच येते, तर रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो नागपूरच्या मे महिन्यात आला होता. पारा ४५ च्या पुढे, आणि मोमिनपुऱ्यात माणसं पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब न घेता हमाली करत होती, पंक्चर काढत होती, शिवणयंत्रावर बसली होती. यंदा तोच रमजान फेब्रुवारीत आला, थंडीचे शेवटचे दिवस होते. साधारण ३३ वर्षांत फेरा पूर्ण होतो. जगात कुठेही राहणाऱ्याच्या वाट्याला कधी सोपा उपवास येतो, कधी कठीण. एकाच गोलार्धाला कायम सोपा रमजान मिळेल अशी सोय या कॅलेंडरात नाही, आणि समतेवर एवढा भर देणाऱ्या धर्मात ती नसणंच मला योग्य वाटतं.

बुद्ध आणि महावीर यांच्या अनुयायांनी मात्र शेवटापासून मोजायला घेतलं. बुद्ध संवत सुरू होतो कुशीनाऱ्याच्या महापरिनिर्वाणापासून. वीर निर्वाण संवत पावापुरीला महावीरांनी देह सोडला त्या अमावास्येपासून, परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५२७. इतवारीतल्या जैन मंदिरांत दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवतात. शेजारच्या गल्लीत त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या वह्या उघडतात, आणि रोषणाई दोन्हींची मिळून एकच दिसते.

ज्याच्यावर एवढी भक्ती, त्याच्या मृत्यूपासून वर्षं मोजायची हे कसं जमतं? दोन्ही धर्मांचं उत्तर एका पातळीवर सारखं आहे. जग कुणी निर्माण केलं हा त्यांचा प्रश्नच नाही. जैनांच्या मते विश्व अनादि आहे, काळाचं चाक खालीवर फिरत राहतं, आणि महावीर हे चोविसावे तीर्थंकर. त्यांच्याआधी पार्श्वनाथ, त्यांच्याही आधी बावीस. बुद्धही म्हणाले की जंगलात एखाद्याला जुनी वाट सापडावी आणि तिच्या टोकाला जुनं नगर, तशी मला पूर्वीच्या बुद्धांची वाट सापडली. सुरुवातीचं महत्त्वच नाही, सुटण्याचं आहे. म्हणून सुटका पूर्ण झाली तो दिवस पहिला. इथून पुढे मात्र दोघांचे रस्ते फुटतात. जैनांना प्रत्येक जीवात, मुंगीत आणि पाण्याच्या थेंबातसुद्धा, शाश्वत आत्मा दिसतो आणि तो कर्माच्या चिकटलेल्या कणांतून कठोर तपानं मोकळा करायचा असतो. बुद्धांनी असा शाश्वत आत्माच नाकारला आणि कठोर तपही सहा वर्षं करून सोडून दिलं. एकाच मगधात, जवळजवळ एकाच काळात फिरणारी ही दोन माणसं; पाली ग्रंथांत महावीरांचा उल्लेख निगंठ नातपुत्त म्हणून येतो आणि त्यांच्या शिष्यांशी झालेले वादही येतात.

मृत्यूला शेवट न मानण्याची ही रीत नागपूरला आणखी एका ठिकाणी भेटते. ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांचा उरूस त्यांच्या वफातीच्या दिवशी भरतो. बाबा कामठीत जन्मले, इथल्या पागलखान्यात बरीच वर्षं राहिले, आणि राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात आणलं. १७ ऑगस्ट १९२५ ला ते गेले. सूफी परंपरेत वलीच्या, म्हणजे संताच्या, जाण्याचा दिवस हा परमेश्वराशी मिलनाचा दिवस, म्हणून त्या दिवशी संदल निघतो, चादर चढते, कव्वाली होते. हिजरी सन हिजरतीपासून आणि उरूस मृत्यूपासून. एकाच धर्माच्या पोटात दोन मोजण्या सुखानं नांदतात.

हिंदूंचं काय? आपल्याकडे एक सन नाहीच. शालिवाहन शक, विक्रम संवत, हे राजांशी जोडलेले. शिवाजी महाराजांनीही राज्याभिषेक शक सुरू केला. धर्माचा म्हणून कुठला प्रारंभबिंदू नाही. पण सत्यनारायणाला बसताना गुरुजी संकल्प सांगतात तो लक्ष देऊन ऐकावा. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं युगचतुष्क, कलियुगाचा पहिला चरण, मग शालिवाहन शके, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. तसंच दंडकारण्य देश, गोदावरीचा उत्तर तीर. अब्जावधी वर्षांच्या काळातून उतरत उतरत तो संकल्प पाटावर बसलेल्या त्या नवराबायकोपर्यंत येतो. मग त्यांचं गोत्र, त्यांचं नाव. कलियुग इसवी सनापूर्वी ३१०२ ला सुरू झालं असं ज्योतिषी धरतात आणि ते चार लाख बत्तीस हजार वर्षांचं आहे. म्हणजे आपण अजून पहिल्या पायरीवरच. इतक्या लांबीच्या काळात एखाद्या माणसाच्या जन्माला किंवा मृत्यूला सगळ्या काळाची सुरुवात म्हणणं हिंदू मनाला सुचत नाही. राम आणि कृष्णसुद्धा त्या फिरत्या काळात येऊन जातात, पुन्हा येतात.

आणि विश्वाच्या आरंभाबद्दल? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा अंगावर काटा येतो. तेव्हा असत् नव्हतं, सत् ही नव्हतं, असं म्हणत ते सुरू होतं आणि ही सृष्टी कुठून झाली हे कोण सांगणार, देवही तिच्यानंतरचे, असं विचारतं. जो परम आकाशातून हे सारं पाहतो त्याला ते माहीत असेल, आणि शेवटची ओळ, ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’, कदाचित त्यालाही नसेल. आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथात एक कवी आरंभाचा प्रश्न असा उघडा ठेवून गेला, याचा मला अतिशय अभिमान वाटतो. पुढे त्याच परंपरेत मनुष्यांचे वर्ण विराटपुरुषाच्या अवयवांतून निघाले असं सांगणारं सूक्तही त्याच मंडलात आलं आणि समाजानं या दोन सूक्तांपैकी कुठलं घट्ट धरलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची किंमत कुणी मोजली हेही.

शिखांचं नानकशाही कॅलेंडर गुरू नानकांच्या जन्मवर्षापासून, १४६९ पासून, मोजतं. १६९९ ची खालसा स्थापना त्यांना घेता आली असती, पण पहिल्या गुरूंचा जन्म घेतला. ज्यांच्या गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत आणि ज्यांचे दहावे गुरू आपल्या नांदेडला कायमचे विसावले, त्यांच्याबद्दल मराठी माणसाला खरं तर याहून पुष्कळ माहीत असायला हवं. बहाई लोकांची मोजणी १८४४ पासून, त्यांच्या धर्माचे अग्रदूत बाब यांनी आपलं कार्य जाहीर केलं त्या वर्षापासून. घोषणेपासूनच मोजणारा हा माझ्या पाहण्यातला एक धर्म; तो नव्या काळातला आहे, तारखा नोंदल्या जाण्याच्या काळातला.

पारशांचा आकडा मात्र मला हलवून जातो. इराणच्या सासानी राजांच्या काळी प्रत्येक राजा गादीवर आला की वर्षं पुन्हा एकपासून सुरू होत. ६३२ मध्ये यज़्दगर्द तिसरा गादीवर आला आणि मोजणी एकपासून सुरू झाली. ६५१ मध्ये तो मारला गेला, राज्य गेलं. पुढे नवा राजा झालाच नाही. तेव्हा मोजणी थांबवायची कुणी? ती तशीच पुढे चालू राहिली. आज पारशी १३९५ असं छापलेलं दिसतं त्याचा अर्थ, शेवटच्या राजाचं एक हजार तीनशे पंच्याण्णवावं राज्यवर्ष. लीप दिवस धरायचे राहून गेल्यानं त्यांचं नवीन वर्षही वसंतातून घसरत ऑगस्टमध्ये आलं. जरथुष्ट्राचा एकच ज्ञानी ईश्वर, सत्य आणि असत्य यांच्यातला झगडा, त्यात माणसानं चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगलं कृत्य घेऊन उतरायचं, शेवटी न्यायाचा दिवस: या कल्पना जगातल्या मोठमोठ्या धर्मांत पुढे कुठे ना कुठे दिसतात. आणि ज्यांच्याकडे त्या सर्वांत आधी होत्या ते लोक इतके थोडे उरले. नागपूरला त्यांची ओळख जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलमुळे. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, म्हणून ते नाव. ज्यांचा स्वतःचा सम्राट सव्वाबाराशे वर्षांपूर्वी गेला होता त्यांच्यातल्या एकानं दुसऱ्या सम्राज्ञीचं नाव गिरणीला दिलं. मिल २००२ मध्ये बंद पडली; तिच्या जागेवर आता मॉल आहे.

ज्यांच्याकडे सनच नाही त्यांचं काय करायचं, हा प्रश्न या तुलनेत सगळ्यात अवघड. आणि तो नागपूरकरानं तरी टाळू नये, कारण हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं. बख्त बुलंद शहा औरंगजेबाच्या दरबारी गेला, तिथे त्यानं इस्लाम घेतला, परत येऊन १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. त्याचं घराणं मुसलमान झालं, पण लग्नसंबंध गोंडांतच राहिले, गोंडी रीतीही सुटल्या नाहीत. तक्त्यात या राजाला कुठल्या रकान्यात घालणार?

गोंडांच्या आरंभाची कथा त्यांचे पिढीजात गायक, परधान लोक, गाऊन सांगत आले. ती पहिल्यांदा कागदावर आली स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यामुळे, ज्याच्या नावानं इथलं हिस्लॉप कॉलेज आहे. हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपूरला आला तो ख्रिस्ताचा निरोप घेऊन. पण तो इथले दगड, जीवाश्म, भाषा, गाणी यांच्यात रमला. त्यानं टिपून ठेवलेली लिंगोची गाथा त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेम्पल या ब्रिटिश अधिकाऱ्यानं छापली. त्या गाथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, वर शिळा ठेवतो, आणि लिंगो त्यांना बाहेर काढतो, त्यांची कुळं लावून देतो, देव वाटून देतो. गोंदिया जिल्ह्यात कचारगडला ती गुहा आहे असं गोंड मानतात आणि माघ पौर्णिमेला तिथे लाखोंनी जमतात. कितव्या वर्षी हे घडलं, असा प्रश्न त्यांना पडत नाही. आपण बाहेर आलो, एवढं पक्कं. एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, ज्याला निर्गमाची कथा पाठ असणार, तो दुसऱ्या कुणाची गुहेतून सुटण्याची कथा ओळीनं लिहून घेतोय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला वारला. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात तो बुडाला.

ती शिळावर्तुळं हा आपल्या भागातला सर्वांत जुना धर्म. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा. मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं, आत माणसं पुरलेली, सोबत लोखंडी हत्यारं, मडकी, मणी, काही ठिकाणी घोडा आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेसुद्धा. काही धोंड्यांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. ही माणसं काय मानत होती ते सांगायला एक शब्द उरला नाही. पण मेलेल्याला लागेल म्हणून घोडा देणारा माणूस काहीतरी निश्चित मानत होता. बुद्ध, महावीर मगधात हिंडत होते त्या काळाच्या आगेमागे इथे हे चाललं होतं. जगातल्या प्रमुख धर्मांच्या कुठल्याच यादीत ते नाहीत. माझ्या यादीत ते पहिले आहेत.

आता १४ ऑक्टोबर १९५६. धर्मांचे आरंभ बहुधा धुक्यात असतात. दीक्षाभूमीचा आरंभ छायाचित्रांसह, वेळेसह, भाषणांसह आपल्याकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं होतं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. पुढची २१ वर्षं त्यांनी धर्मांची तुलना केली. आपण लेख लिहिण्यापुरती करतो. त्यांना लाखो माणसांचं पुढचं आयुष्य त्यावर ठेवायचं होतं. इस्लाम, ख्रिस्ती धर्म, शीख धर्म, सगळ्यांचा विचार झाला. त्यांनी विचारलेले प्रश्नही वेगळे होते: इथे माणसाला माणूस समान आहे का, इथे बुद्धीला कुलूप लावावं लागतं का. अशोक विजयादशमीच्या त्या सकाळी त्यांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः उभं राहून समोरच्या जनसागराला दिली, बावीस प्रतिज्ञांसह. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का, हे त्यांनी सांगितलं. याच शहरात १९२५ च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली होती, त्यामुळे त्या संबंधानं लोक तर्क करत होते. त्यांनी तो तर्क खोडून काढला आणि नाग लोकांनी बुद्धाचा धम्म देशभर पसरवला, त्यांची वस्ती या भागात होती, या गावातून वाहणारी नदी नाग, असं कारण दिलं.

नवा धर्म काढायची ताकद त्यांच्यात होती. बावीस प्रतिज्ञा, बुद्धाच्या शिकवणुकीचा त्यांनी लावलेला अर्थ, गृहस्थांच्या धम्माला दिलेलं स्थान, हे पाहता ते नवंच होतं असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. पण त्यांनी वर्ष एक म्हटलं नाही. थेरवादी, म्हणजे श्रीलंका-ब्रह्मदेशाकडच्या बौद्धांच्या, गणनेप्रमाणे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं होत होती ते साल त्यांनी धरलं. ज्यांना हजारो वर्षं इतिहासच नाकारला गेला त्यांच्या हाती त्यांनी एका सकाळी पंचवीसशे वर्षांचा इतिहास ठेवला. म्हणून १९५६ पासून वेगळा सन सुरू झाला नाही हे मला फार योग्य वाटतं. दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणल्या, आणि अनुराधापुराचा वृक्ष बोधगयेच्या वृक्षाचा, तसंच हे.

इंदोऱ्याच्या माझ्या मैत्रिणीला हे मी सांगितलं तेव्हा तिला ते तितकंसं पटलं नाही. “तुझं म्हणणं बरोबर आहे गं,” ती म्हणाली, “पत्रिकेवर आम्ही बुद्ध संवतच टाकतो. पण घरी कोणी तसं मोजत नाही. आमच्या घरी सगळं दीक्षेच्या आधीचं नाही तर दीक्षेच्या नंतरचं.” तिची आजी उमरेडकडच्या गावाहून बैलगाडीनं आली होती, पोटुशी होती, पांढरं लुगडं उसनं आणलं होतं. आजीला स्वतःचा जन्म कधीचा ते ठाऊक नव्हतं. मुलीचा मात्र पक्का ठाऊक होता: दीक्षा घेऊन आली आणि पाचव्या महिन्यात झाली. आधार कार्ड काढताना केंद्रातल्या मुलानं तारीख विचारली, दाखला मागितला, आणि दाखला नाही म्हटल्यावर आपल्या पद्धतीनं १ जानेवारी टाकली. साल टाकायला त्यानं अंदाजानं १९६० म्हटलं, तेव्हा मैत्रिणीच्या आईनं त्याला थांबवलं आणि त्याच्या टेबलावर बोटं मोजून सत्तावन्न करून घेतलं.